तिसरा दात

म्हापशात शुक्रवारी कोण कुणाचं तोंड बघतं?
मी तर कानशीकडे बघत होतो.
पोरानं हेल्मेट काढलं नाही,
लाल साबणाची अर्धी वडी ठेवली माझ्या फळीवर
पेपरात गुंडाळून.
साबणात किल्लीचा ठसा. स्वच्छ.
म्हणाला, किल्ली बापायकडे असते, देत नाही.
मला हसू आलं,
मीही कधीतरी कुणाचा तरी पोरगा होतो.

कोरी पितळी किल्ली घेतली, दात पाडले.
तिसरा दात जरा तिरका होता,
तोही तसाच तिरका पाडला,
कामात खोट ठेवायची नाही
असं उस्तादानं शिकवलेलं.
ऐंशी झाले. शंभर ठेव म्हणाला.
ठेवले.

सोमवारी इनास आला.
इनास पायलट, पिवळ्या मडगार्डाचा,
एकवीस वर्षं स्टँडावरून माणसं नेतो,
बायका एका बाजूला पाय सोडून बसतात, मांडीवर मासळीची पिशवी.
चालत आला.
त्याला चालताना मी पाहिलंच नव्हतं.
फेंगडा चालतो, दोन पायांत अजून टाकी असल्यासारखा.

"शाणू, गाडी चोरीस गेली."
समोरच्या बाईकडे चोरिसाच्या माळा टांगलेल्या,
लालभडक, तुपकट,
आणि देवा, मला आधी त्याच दिसल्या.

त्यानं किल्ली टाकली फळीवर.
"ही उरली. पितळेच्या भावानं घे."
मी उचलली.
डोळ्यांआधी बोटांना कळलं.
तिसरा दात.

"पोलिसात दिलीस?"
एवढंच विचारलं मी.
म्हणाला, दिली. ते विचारतात हँडल लॉक होतं का?
म्हटलं, होतं सायबा, गंजलेलं. चार वर्षं फिरलं नाही.
मग लिहून घेतलं त्यांनी, लॉक नव्हतं.

अकराव्या दिवशी सापडली,
पेडण्याच्या वाटेवर काजूच्या झाडांखाली,
बॅटरी नाही, आरसे नाहीत,
पिवळ्या मडगार्डावर काळा रंग
घाईघाईचा, एकच हात.
इनासनं नखानं खरवडून बघितला,
खाली पिवळा होता. तेव्हा कुठे रडला.

मग मी बसलो त्या गाडीला.
लॉकचा सगळा संच बदलला.
पुढच्या चकतीला कुलूप,
मागच्या चाकाला साखळी, सायकलच्या ट्यूबमध्ये घातलेली
म्हणजे रंग जायचा नाही.
आणि वायर तोडून मध्ये एक बटण,
लपवलेलं. ते दाबल्याशिवाय
किल्ली फिरवा, किक मारा, नवस बोला,
इंजिन हूं की चूं करणार नाही.
"किती झाले?"
सावकाश दे, म्हटलं.
अजून दोनदा विचारलं त्यानं. मी अजून सावकाशच आहे.

आता वही ठेवलीय.
नाव, गाडीचा नंबर, आर.सी. दाखव, मगच कानस.
लोक हसतात, एका किल्लीला एवढा पंचनामा?
निम्मे गेले तारीखडेकडच्या नव्या मशीनवाल्याकडे.
जाऊ देत.
जे थांबतात त्यांना सांगतो,
बेकरीसमोर गाडी चालू ठेवून पाव आणायला उतरू नका,
किल्लीच्या जुडग्यावर नंबर लिहू नका,
रेंटची असेल तर अंगणात आत घ्या, भाड्याची म्हणून उन्हात सोडू नका.
साबणाचं मात्र सांगत नाही.
घरीही आता पावडरच लावतो अंगाला;
बायको विचारते, हे काय नवीन?
ताकास तूर लागू दिला नाही.

इनास रोज सकाळी स्टँडावर येतो,
वाकून गाडीच्या पोटाखाली हात घालतो,
कुत्र्याला खाजवावं तसा.
टक्.
दुकानातून मला आवाज येत नाही, पण येतो.
कुणाला म्हणून सांगत नाही तो ती जागा,
बायकोला नाही, थोरल्या मुलाला नाही.
सगळ्या म्हापशात दोघांनाच ठाऊक आहे, तो म्हणतो,
मला आणि शाणूला,
आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतो.